ज्ञानदाच्या गाडीचा हिवाळा

६ ऑक्टोबर, रविवार, एडिसन

पोचले एकदाची! नागपूर, मुंबई, नेवार्क असं करत छत्तीस तासांनी या घराचं दार दिसलं, आणि मी पहिलं काम काय केलं, तर चपला काढून सगळ्या खोल्यांतून अनवाणी फिरून आले. सत्यजित मागून हसत येत होता. विमानतळावर तो फुलं घेऊन उभा होता, आणि ती पण उलटी धरलेली, देठं वर! मला इतकं हसू फुटलं की प्रवासाचा शीण तिथेच गेला.

घर छान आहे. पुढे मेपलचं झाड, लालभडक झालेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचं अंगण दिसतं, आणि तिथल्या खारी आपल्याकडच्या मांजरीच्या पिल्लाएवढ्या आहेत. मिसळणाचा डबा सापडला, पण त्यातली हळद कधीची आहे देव जाणे. उद्या सगळं घासूनपुसून माझ्या पद्धतीनं लावणार.

अडतिसाव्या वर्षी लग्न झालंय माझं. अठरा वर्षं शाळेत भूगोल शिकवला, भावाच्या घरी मधल्या खोलीत राहिले, वहिनीच्या डब्यांना हात लावायचा तरी विचारून लावला. ती नोकरी सोडली, ती खोली आता पुतणीची झाली. परत जायला जागा नाही. म्हणून इथे ठळक लिहून ठेवते की हे घर माझं आहे.

संध्याकाळी शेजारच्या मालिनीकाकू गरमागरम पोहे घेऊन आल्या. आता या घरात पुन्हा फोडणीचा वास येईल, म्हणाल्या. आणि लगेच, ज्ञानदा पोह्यांत कढीपत्ता जरा जास्तच घालायची. पोहे छान होते. कढीपत्ता मी बाजूला काढून ठेवला.

८ ऑक्टोबर, मंगळवार

सत्यजित आठवड्यातून तीन दिवस ट्रेननं न्यूयॉर्कला ऑफिसला जातो. मला इथे गाडी चालवायचं लायसन नाही, तेव्हा मी घरी. डबे घासले, पडदे धुतले, आणि मग स्वयंपाकघरातून गराजमध्ये जायचं दार उघडलं.

तिथे ज्ञानदाची, सत्यजितच्या पहिल्या बायकोची, मोटरसायकल उभी आहे. काळी, टाकी तेवढी गर्द निळी. हँडलला पांढरं हेल्मेट अडकवलेलं. सत्यजितनं परवा दाखवली होती. ज्ञानदा तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मेंदूत रक्तस्राव होऊन गेली, तेव्हा ही हिवाळ्यासाठी झाकून ठेवलेलीच होती. सत्यजितला स्वतःला चालवता येत नाही. तरी दर मार्चला कव्हर काढतो, पाच मिनिटं इंजिन सुरू करतो, आणि थंडीच्या आधी पुन्हा सगळं यथासांग करून झाकतो. विकून का टाकत नाहीस, असं मी तेव्हाच अगदी सहज विचारलं. तो म्हणाला, चालू ठेवायला हवी ना. आणि सीटवर तळहात ठेवून उभा राहिला.

माझा हात धरताना तो अजून परवानगी घेतल्यासारखा धरतो. सीटवरचा हात किती सवयीनं पडला! जळकुकडी म्हणा हवं तर. पण मी पाहिलं ते पाहिलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार, खंडेनवमी

वाहनांची पूजा केली. चारचाकीला मी हार घातला, टायरखाली लिंबू ठेवलं. मोटरसायकलकडे वळले तर सत्यजित म्हणाला, थांब, हिची मी करतो. हळद-कुंकू त्यानं अगदी हळू, जपून लावलं. मी तबक धरून उभी. माझ्याच घरात मी पूजेची मदतनीस!

दुपारी प्रतिमामावशीचा फोन आला. नेत्रा, टाक घातलास का गळ्यात? मी थाप मारली, हो म्हटलं.

हे टाकाचं लिहून ठेवायला हवं. निघताना मावशीनं मला बोटाच्या पेराएवढा चांदीचा टाक दिला होता, त्यावर बाईची उभी मूर्ती. दुसरेपणावर गेलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. कुंकू असो, नवं लुगडं असो, आधी तिला दाखवायचं, मग आपण घ्यायचं. पहिली सवाष्ण गेली, तिचा मान आहे, तो दिला की ती सुखानं राहते आणि आपल्यालाही राहू देते. मावशीनं हे माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. आधी तिला, मग मला.

का म्हणून? मी तिचं उष्टं कुंकू का लावू? मिसळणाचा डबा तिचा, पोह्यांची चव तिची, नवऱ्याचा हात तिचा, आणि वर गळ्यात पण तीच मिरवायची? बास झालं.

किल्ली खुंटीला होती. सीट उघडली. खाली हत्यारांची छोटी जागा असते. टाक त्यात टाकला आणि सीट खाडकन बंद केली. तुझं तुझ्याकडे ठेव बाई, म्हटलं. फार बरं वाटलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

गराजच्या भिंतीवर एक यादी चिकटवलेली आहे. ज्ञानदाच्या हातची. गाडी हिवाळ्यात ठेवताना काय काय करायचं ते मराठीत, प्रत्येक ओळीपुढे एक चौकोन, आणि अक्षर मोत्यासारखं. माझं अक्षर बघून आमच्या मुख्याध्यापिका हळहळायच्या.

पेट्रोलची टाकी काठोकाठ, औषध घालून. जुनं ऑइल काढून नवं. चाकं जमिनीवरून उचलायची. धुराड्यात बोळा. बॅटरीला चार्जर, दिवा हिरवा हवा, दर रविवारी बघायचा. कव्हर. मध्ये कधीही सुरू करायची नाही. आणि शेवटी, अधोरेखित, काळजीनं केलं तर काहीही मरत नाही.

सत्यजित दर वर्षी त्या चौकोनांत पेन्सिलीनं खुणा करतो आणि मार्चमध्ये त्या खोडतो. मी म्हटलं, यंदा हे सगळं मी करणार. तो नको म्हणाला. मी म्हटलं, घर माझं असेल तर गराज पण माझं. मग त्यानं पेन्सिल माझ्या हातात दिली. तिच्याहून चांगलं करून दाखवीन, एक खूण चुकणार नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पहिलं काम फत्ते! सत्यजितनं डब्यातून पेट्रोल आणलं, तो त्याला गॅस म्हणतो. त्यात औषध मिसळून टाकी गळ्यापर्यंत भरली. रिकामी जागा राहिली की आत हवा, हवेत ओल, ओलीनं गंज, हे त्यानं समजावलं. मग पाच मिनिटं इंजिन चालवलं, म्हणजे औषध सगळीकडे पोचतं. काय आवाज आहे! सत्यजित डोळे मिटून ऐकत होता. मी त्याच्याकडे बघत होते, त्याला पत्ता नाही.

चौकोनात खूण केली. जेवण मात्र गेलं नाही. घसा तुडुंब भरल्यासारखा वाटतोय आणि जिभेवर गोडसर चव आहे. वास डोक्यात गेला असेल.

२० ऑक्टोबर, रविवार

ऑइल बदललं. खालचा बोल्ट सोडला की काळंशार ऑइल ट्रेमध्ये पडतं. जुनं ऑइल आत ठेवलं तर इंजिन आतून खातं, म्हणून सगळं काढायचं. शेवटचा थेंब पडेपर्यंत मी उकिडवी बसून होते. उठले तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हातपाय गार पडले. सत्यजितनं शाल आणून दिली. लगेच नवं ऑइल घालायला बसला, इंजिन थंड होता कामा नये म्हणाला. शाल माझ्या मांडीवरच राहिली.

आज पण भूक नाही. आठ दिवसांपूर्वी मी या माणसाच्या ताटातला पापड पळवत होते.

२६ ऑक्टोबर, शनिवार

मागचं चाक स्टँडवर, पुढचं स्टँडवर. टायर महिनोन्‌महिने एकाच जागी टेकले की तिथे चपटे होतात. आता गाडी दोन बोटं अधांतरी आहे.

सहज मीटरकडे बघितलं. आठ हजार चारशे बारा मैल. सत्यजितला हा आकडा पाठ आहे, तीन वर्षं तोच आहे.

आज दव पडून गोठलं होतं. सकाळी कचरा ठेवायला अंगणात गेले, परत फिरले आणि बघते तर पांढऱ्या गवतावर कचऱ्याच्या डब्याच्या चाकांची रेघ आहे, माझी पावलं नाहीत. मी पुन्हा चालून बघितलं. मुद्दाम पाय आपटून. नाहीत.

२७ ऑक्टोबर, रविवार

सायलेन्सरच्या धुराड्यात बोळा घातला, नाहीतर उंदीर घर करतात. चार्जर लावला. दिवा हिरवा.

सत्यजित चहाचा कप घेऊन तिथेच स्टुलावर बसला. अर्धा तास! म्हणे, दिवा बघतोय. मी दारात उभी राहून दोनदा हाक मारली. त्यानं मान वळवली नाही. घसा बसलाय माझा, आवाज फुटत नाही. पण इतका? रागानं माझे कान तापले. तो ऑफिसला गेला की हा दिवाच विझवते, थांब म्हणावं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

प्लग उपटला. भर दुपारी बारा वाजता, लख्ख उजेडात, प्लग माझ्या हातात होता.

दिवा विझला नाही.

मी वायर डोळ्यांपुढे धरून बघितली. कुठे जोडलेली नाही. दिवा हिरवा. आणि माझे गुडघे असे वितळायला लागले, छाती अशी रिकामी व्हायला लागली की मी भिंत धरत धरत प्लग परत लावला. लावल्याबरोबर श्वास आला. त्याच क्षणी.

सत्यजितला सांगितलं नाही. काय सांगू? तुझ्या बायकोच्या गाडीवर मी जळते म्हणून?

१ नोव्हेंबर, शुक्रवार, लक्ष्मीपूजन

चकल्या बिघडल्या नाहीत, छान झाल्या. मला चव लागली नाही. पूजेला बसताना कुंकू लावलं आणि आरशात बघितलं. कपाळ कोरडं. पुन्हा लावलं. पुन्हा कोरडं. पाच वेळा.

मग गराजमध्ये गेले. कव्हर अजून घालायचं आहे. निळ्या टाकीवर ताजं कुंकू होतं. ओलं.

मावशीला फोन लावला. हॅलो हॅलो करत राहिली. माझा आवाज तिला जात नव्हता, मी ओरडत होते. शेवटी ती फोन ठेवताना कुणाला तरी म्हणाली, की नुसता इंजिनासारखा घरघराट येतोय.

९ नोव्हेंबर, शनिवार

आठ हजार चारशे सव्वीस मैल.

चाकं अधांतरी. टाकी तशीच काठोकाठ. बोळा जागेवर. चौदा मैल कुठे गेली ही?

हेल्मेटची काच आतून धुरकटली होती. मी बघत असताना साफ झाली. पुन्हा धुरकटली. हळूहळू, शांत झोपलेल्या माणसाचा श्वास चालतो तशी. मी काच वर केली. आत कुणी नाही. अस्तर ऊबदार होतं आणि एक लांब केस होता. माझे केस खांद्यापर्यंत आहेत.

बाहेर पडले. शेजारचा माणूस पानं गोळा करत होता, त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. मी तोंड उघडून हाऽऽ केलं. काही नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

सत्यजितनं आज स्वतः कव्हर घातलं. कडा नीट खोचल्या, पांघरूण घालतात तसं. शेवटची खूण केली. मी शेजारी उभी होते. त्यानं विचारलं, थंडी नाही ना वाजत? मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मग कळलं की तो मला विचारत नव्हता.

मी रडले. भीतीनं नाही, आधी जळूनच रडले. भीती मागून आली.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मालिनीकाकू आल्या. दार मी उघडलं. त्या माझ्या अंगावरून आत गेल्या — अंगावरून की अंगातून, मला नीट — आणि स्वयंपाकघराकडे बघून म्हणाल्या, अगंबाई, किती दिवसांनी! पोह्यांचा वास आला म्हणून आले हो.

स्वयंपाकघरात फोडणी तडतडत होती. कढीपत्त्याची. मी दारात होते, मग फोडणी कोण —

सत्यजित हसला. मोठ्यानं. असा हसतो तो? महिनाभर माझ्यासाठी एकदा तरी असा —

मी आत गेले नाही. गेले नाही की जाता आलं नाही, आठवत नाही.

१९ नोव्हेंबर

मावशी, चुकलं माझं. टाक काढते आणि गळ्यात घालते. आधी तिला, मग मला. रोज. ती इथे कायम राहू दे, मधल्या खोलीत मी राहीन, मला सवय आहे. फक्त मला घरात —

मीच तिला तिथे ठेवली. आणि मग यादीप्रमाणे जपली. एक खूण चुकवली नाही. आणि जपायला जे जे लागलं, ते सगळं माझ्यातून —

उद्या सकाळी, उजेड असताना.

२० नोव्हेंबर

कव्हर वर केलं. किल्ली लावली. सीट उघडली.

टाक नाही.

हत्यारं आहेत, कागद आहेत, एक सुकलेलं झेंडूचं फूल आहे. टाक —

उठायला गेले तर उठता येईना. पाय जमिनीला लागत नाहीत. घशात बोळा आहे. मी बोट घालून —

पावलं येतायत. सत्यजितची. चहाचा वास. दुसरी पावलं पण.

२४ नोव्हेंबर, बहुतेक रविवार

कव्हरच्या आत अंधार आहे पण हिरवा दिवा पुरतो लिहायला. वही माझ्याबरोबर आली, बरं झालं.

तो आला होता. एकटा. स्टुलावर बसला, चहा प्यायला. मग कव्हरवरून तळहात ठेवला. माझ्यावर. किती सवयीनं! मी दीड महिना याच हातासाठी जळत होते. मिळाला.

घरातून हसण्याचे आवाज येतात. कुकरची शिट्टी. माझा मिसळणाचा डबा उघडल्याचा आवाज, त्याचं झाकण जरा घट्ट आहे, मला ओळखू येतं.

पण रविवारी तो येईल. दर रविवारी. मार्चपर्यंत. काळजीनं केलं तर काहीही मरत नाही, तिनंच लिहिलंय.

१ डिसेंबर

आज अर्धा तास बसला. मला वाटतं, त्याला थोडं कळतं. दिव्याकडे बघून त्यानं माझं नाव घेतलं, नेत्रा. हळूच. दोनदा म्हणाला.

दारात कुणीतरी उभं होतं. तिनं दोनदा हाक मारली त्याला. तो वळला नाही.

बरं वाटलं मला. देवा, मला किती बरं वाटलं.

२ डिसेंबर, दुपार

तो ऑफिसला गेला. ट्रेनची वेळ झाली.

दार उघडलं. ती आली. एकटी.

कव्हर वर केलं तिनं. लांब केस. कपाळावर कुंकू, ओलं. गळ्यात टाक आहे. त्यावरच्या मूर्तीचे केस खांद्यापर्यंत —

बघतेय माझ्याकडे. ही नजर मला माहीत आहे. महिनाभर मीच तर याच दारात उभी राहून —

टाक काढला तिनं गळ्यातून. सीट उघडली. टाकला. खाडकन —

तेच म्हणाली, तुझं तुझ्याकडे ठेव बाई. माझंच वाक्य.

आता खाली वाकतेय. भिंतीकडे. हात प्लगवर आहे. अगं, नको. ज्ञानदा, ऐक, मी परत लावला होता, मी लगेच परत लावला होता गं —

दिवा आहे. अजून आहे. अजून हिर